आईला पाठवलेल्या कॅप्सूल

ती. आईस,

आधी पाया पडते, मग भांडते.

मी ठणठणीत आहे. खोलीत ऊन येतं, कारखान्यात जेवण बरं मिळतं. पण तुझं काय? तीन वेळा नाकातून रक्त आलं, दंडावर काळेनिळे डाग पडले, आणि हे मला दादाकडून कळावं?

व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल मीच पाठवल्या. आम्ही त्या बाटल्यांत भरतो, म्हणून वाटलं, जीवनसत्त्वच ते, अपाय कसला? पण रोज एक सांगितली असताना तू चार घेत होतीस! वर दादाला म्हणालीस, "लेकीने पाठवलंय, वाया कशाला घालवू?" डॉक्टरांना मात्र एका शब्दाने बोलली नाहीस.

आज इथल्या तपासनीस बाईंना विचारलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "रक्त पातळ करायची गोळी चालू असताना इतकं ई? एखाद दिवशी रक्त थांबलंच नसतं! कुणी दिलं त्यांना?"

"मी," म्हणाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कॅप्सूल आजपासून बंद. रक्ताची गोळी मात्र मनाने सोडू नकोस. बाटली घेऊन दादाबरोबर उद्याच डॉक्टरांकडे जा आणि सगळं खरं सांग. ई हवंच असेल तर मूठभर शेंगदाणे खा.

बाबांचा खोकला थांबला का? की तोही लपवताय?

तुझ्यासाठी दुसरी बाटली बांधून ठेवली होती. संतापाने ती कचऱ्यात फेकली आणि तिथेच खाली बसून रडले.

तुझी,
चिडलेली लेक