सातने गुणलं आणि घात झाला

महाल, नागपूर
१२ जून १९७४

तीर्थस्वरूप देवरावभाऊजींना श्रीधरचा शिरसाष्टांग नमस्कार.

पायाचं प्लास्टर निघालं का? अक्काचा खोकला कसा आहे? आम्ही जिवंत आहोत, यापलीकडे आज छातीठोक काही लिहवत नाही. तुमच्या प्रेमिलाला बघायला पाहुणे काल आमच्याकडे येऊन गेले. तुम्ही उमरेडभर 'जमलंच समजा' सांगत सुटला आहात, म्हणून पुढचं बसून वाचा.

मुलाचे वडील चंपतराव, गणिताचे रिटायर मास्तर. (मुलीला स्वयंपाक येतो का, हे विचारतच नाहीत. पाढे विचारतात. अशा किती मुली नापास केल्या, देव जाणे.) म्हणून मी भाचीला एक आकडा शिकवून ठेवला होता, १४२८५७. याला दोन ते सहा कशानेही गुणा, उत्तरात तेच अंक त्याच क्रमाने येतात, फक्त सुरुवात दुसरीकडून. घाण्याच्या बैलासारखे नुसते गोल फिरतात.

पोहे आले. प्रेमिलाने आकडा पुढे केला. मास्तर म्हणाले तीन. ही म्हणाली ४२८५७१. पाच? ७१४२८५. मास्तरांचा घास हातातच राहिला! मी ऐटीत आमच्या सौ. शामलाकडे बघून मिशीवर हात फिरवला, तोच मास्तर म्हणाले, "सात." भाऊजी, सातचं मी कधी करूनच पाहिलं नव्हतं! आणि ही शांतपणे म्हणते, "सगळे नऊच नऊ जी." मी ताडकन उठलो, हात जोडले, म्हटलं पोरगी घाबरली, चुकली, सांभाळून घ्या. मास्तरांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर गुणाकार केला. ९९९९९९! भर बैठकीत चुकलेला मी एकटा.

एवढ्यावर थांबावं की नाही? "मामानं सहापर्यंतच सांगतलं जी, सातचं मीच करून पायलं. आता आठनं किती, थे यायले सांगू द्या," म्हणत तिने थेट मुलाकडे बोट केलं. (बघायला आलेल्या मुलाची परीक्षा! आपल्या घराण्यात असं कोणी ऐकलं तरी आहे का?) मुलगा बँकेतला, पण बापाच्या तोंडाकडे बघत बसला. शेवटी तिनेच सांगितलं, ११४२८५६. म्हणे शेवटचा सात फुटतो, त्यातला एक निघून सगळ्यांच्या पुढे जाऊन बसतो आणि मागे सहा उरतात. मला वाटलं, मास्तर आता बशी भिरकावतात. त्यांनी जागच्या जागी होकार दिला.

आपला
श्रीधर

ता. क. होकार त्यांचा. प्रेमिलाने नकार दिला, तोही त्यांच्यादेखत! "जो बापाले विचारल्याबिगर आठ सांगत नाही, थो मले काय सांगन?" (मुलगा मात्र सुटल्यासारखा हसला.)

ता. क. दुसरा. खरं काम हे. रविवारी चंपतराव स्वतः एसटीने तुमच्याकडे येत आहेत. मागणी घालायला नाही. "पोरगा नको तं नको, पण या पोरीले कॉलेजात गणित शिकाले धाडा," एवढंच सांगायला. राहील ती आमच्याकडे. तुम्ही फक्त हो म्हणा.

ता. क. तिसरा. शामला म्हणते, प्रेमिलाच्या नकाराला आम्ही पुष्कळ विरोध केला असं लिहा, म्हणजे भाऊजींचा राग आपल्यावर यायचा नाही. तेच लिहायला बसलो होतो. पण भाऊजी, मी विरोध केला नाही.