न मोजलेलं कापड

वडनेर, मंगळवार, एप्रिल १९९८

रविवारी शाळेत कापडवाल्या शेठचा सत्कार आहे आणि मानपत्र लिहायचं माझ्या गळ्यात पडलंय. माहिती घ्यायला आज दुकानात गेलो. वडील खांद्यावर गाठोडं घेऊन गावोगाव कापड विकायचे, हे त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. शाळेला दोन खोल्या बांधून दिल्या, तेही लिहा म्हणाले.

तेवढ्यात एक जण मयतीचं कापड न्यायला आला. शेठनी मीटरपट्टीला हात लावला नाही. अंदाजानं फाडलं आणि दिलं. मयतीच्या कापडाचे ते पैसे घेत नाहीत, म्हणून मोजतही नाहीत. मी म्हटलं, हेच आधी लिहितो.

"नाई गुरुजी, ते नका लिहू. ज्यायच्या घरी देलं, ते समोरच बसले राहतीन."

पण लिहिण्यासारखं तर तेवढंच आहे. खोल्या काय, कोणीही बांधतं. आणि हे बोलताना माझ्याकडे न बघता ती पट्टी काऊन पुसत बसले?

बाबा गेले तेव्हा मी सातवीत होतो. त्यांच्या अंगावरचं कापड कुठून आलं होतं? आई समोर भाजी निवडून राह्यली. विचारायचं धाडस होत नाही.