पुढची डावी सीट

७ जून, रविवार
शोरूमला जाऊन आलो. घाटकोपर ते विक्रोळी, अंतर ते काय. पण बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि अनघाने नवी ओढणी काढली. मुलगी बघायला निघाल्यासारखी आमची वरात.

गाडी तीन रांगांची. बेस, मिड, टॉप असे तीन प्रकार. चेंबूरच्या दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारत असतो, "हे बरं दिसतंय की आधीचं?" आज तोच प्रश्न शोरूमच्या पवार मॅडमनी मला विचारला. टॉपचं छप्पर काचेचं आहे, बटण दाबलं की सरकतं. मॅडमनी सरकवून दाखवलं. वर शोरूमचं पांढरं सिलिंग, दोन ट्यूबलाइट. तरी मी मान वर करून बघत राहिलो.

"फॅमिलीत किती जण, सर?"
बाबा म्हणाले, "सहा."
बाबा, आई, आम्ही दोघं, दोन पोरी. टॉपमध्ये मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या, कॅप्टन सीट म्हणतात. दोन अधिक दोन अधिक दोन. मिडमध्ये मधे सलग बाक, सात बसतात, पण वर पत्रा. अनघा म्हणाली, "सातवं कोण आहे आपल्यात?"

घरी आलो तर आत्याने चहा टाकलेला. रंग कुठला, एवढंच विचारलं.

१० जून
दुकानात गर्दी नाही. ब्रोशर काउंटरखाली ठेवलंय. घाट चढतोय, वर काच, काचेवर झाडांच्या फांद्या येतायत नि जातायत. कुणीतरी म्हणालं, "अहो, माझा नंबर?" दोनदा म्हणाले असावेत बिचारे.

१४ जून, रविवार
टेस्ट ड्राइव्ह. हायवेने मुलुंडपर्यंत जाऊन परत. स्टिअरिंग हलकं, लोण्यासारखं. पुढे डावीकडे अर्थातच बाबा. ती सीट त्यांची. आजोबा होते तेव्हा भाड्याच्या गाडीतही ती आजोबांची असायची. घरातला मोठा पुरुष पुढे, हे कुणी ठरवलेलं नाही, पण कुणी मोडलेलंही नाही.

पोरींनी सनरूफ उघडून आकाश बघितलं. मोठी म्हणाली, "पप्पा, झकास! तुम्ही पण बघा ना." तेव्हा लक्षात आलं, चालवणारा मी. मला कुठलं आकाश? तरी टॉपच हवी. माझ्या डोक्यावर ते आहे, एवढं पुरे.

१८ जून
टॉप बुक केली. गणपतीत गाडीने गावी.

बाबांनी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. मुंबईत पन्नास वर्षं काढली, मराठी बोलतात, पण देवाशी बोलायचं तर मालवणीच. "बा देवा म्हाराजा, आज तुझ्या लेकरांनी गाडी घेवचो इचार केलेलो आसा. ह्या सहा लेकरांका सुखरूप गावाक ने, सुखरूप परत हाड रे म्हाराजा!" आम्ही सगळे मागून "होय म्हाराजा".

सगळ्यात मोठा आवाज स्वयंपाकघराच्या दारातून आला. आत्याचा. हाताला कणीक, डोळे मिटलेले.

सहा लेकरं. त्यांच्यात ती नाही. आणि तीच सगळ्यात मोठ्याने हो म्हणाली.

१९ जून
दिवसभर तेच डोक्यात.

आत्या म्हणजे बाबांची सख्खी धाकटी बहीण, त्यांची वैजू. लग्न केलं नाही. भांडुपच्या औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होती, संध्याकाळी यायची ती माझ्यासाठी पिशवीत औषधांची रिकामी निळी खोकी घेऊन. मला अंघोळ तिने घातली, पाढे तिने शिकवले. मग शोरूममध्ये मी सहा कसे मोजले? बाबांनी मोजले, आईने ऐकले, अनघाने तर वर विचारलंही. आणि मी मान डोलावली. दुष्टपणा नाही हो. सवय. प्रत्येक गणपतीला ती म्हणते, "तुमी जावा, घर कोण बघतलो? आनि माका गाडी लागता." आणि आम्ही जातो. एकोणीस वर्षं.

एकोणीस वर्षांपूर्वीची ती जीप. आत्या एकदम मागच्या आडव्या बाकावर. घाटात तिला उलट्या. गाडी चार वेळा थांबली, घरी पोचेपर्यंत पूजेची वेळ टळली. अंगणात, सगळ्या भावकीपुढे, बाबा तिला म्हणाले, "तुझ्यामुळे देव खोळंबला. पुढच्या वर्षीपासून घरीच बस." ती बसली.

मी मधल्या रांगेत होतो, खिडकीशी. जागा देऊ शकलो असतो. दिली नाही, कारण झोपेचं सोंग घेतलं होतं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वहीला सांगतोय.

२१ जून, रविवार
दुपारी जेवून आडवा झालो नि स्वप्न पडलं. गाडी आपली आपण चाललीय. मी मागे वळून बघतो तर तिसऱ्या रांगेमागे चौथी, तिच्यामागे पाचवी. जुन्या चाळीतले सगळे बसलेत, मांडीवर डबे, कुणी भजन म्हणतंय. काचेतून ऊन येतंय, सगळ्यांच्या केसांवर. रांगा संपत नाहीत. शेवटच्या रांगेत कोण आहे ते दिसत नव्हतं. माझा चष्मा नव्हता. मी, चष्मेवाला.

उठलो तर आत्या शेजारी बसून तांदूळ निवडत होती. म्हटलं, "आत्या, यंदा तू पण चल."
"माका गाडी लागता रे झिला."
"मग ट्रेनने? तिकीट काढतो."
"गप रव. घर कोण बघतलो?"
पण खडा बाजूला काढायचा तो तिने तांदळातच टाकला.

२ जुलै
आत्याच्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला. पेटी माझ्याकडे देऊन अंघोळीला गेली. चष्मा काढला तर खाली बसची तिकिटं, घडी घालून, एकावर एक. तीन-चार विक्रोळीपर्यंतची. मग कांजूरमार्ग. मग भांडुप, पाच-सहा. सगळ्यात जुन्यांची शाई उडत आलेली. आणि आलेपाकाचा कागद.

दुपारी भजनाला जाते म्हणून सांगते ही.

स्क्रू पिळला. सगळं होतं तसं ठेवलं. 

७ जुलै
अर्धी रजा. तीन वाजता "भजनाला जाते" म्हणून ती निघाली, मी मागोमाग. बसमध्ये पुढची सीट धरून बसली होती. शेजारी जाऊन बसलो. दचकली नाही. आलेपाकाची वडी माझ्या हातावर ठेवली.

 मोठ्या काचेतून रस्ता आमच्याकडे येत होता. दुकानांच्या पाट्या, ओली झाडं, मेट्रोचे खांब, सगळं संथ. ती फक्त सरळ समोर बघत होती.

"बाजूक नाय बघूचा. फुडे बघूचा. मगे लागत नाय."
"कधीपासून चाललंय हे?"
"तुमी गाडी बघूक गेलास त्या दिवसापासना."

भांडुपला चेहरा पांढराफटक. उतरलो. स्टॉपवर बसून पाणी प्यायली. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "आज भांडुप. मुलुंड झाला की घाट जमतलो." मी म्हटलं, आत्या, मुलुंड सपाट आहे गं. म्हणाली, माहीत आहे, पण कुठूनतरी सुरुवात नको?

मग स्वतःहूनच गणपतीवरच्या माटवीचं बोलत राहिली. ती लाकडी चौकट ती लहानपणी सजवायची, रानातली फळं फुलं बांधून. "आता कोण बांधता? धाग्यान की तारेन?" मी म्हटलं, तारेने. तिला ते अजिबात आवडलं नाही.

तेव्हा तिला जीपचं सांगायला हवं होतं. झोपेचं सोंग वगैरे. जमलं नाही.

८ जुलै
अनघाला सगळं सांगितलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. "सातवं कोण, असं मी विचारलं ना रे? त्यांच्या कानावर गेलं असेल?" म्हटलं, नाही, ती घरी होती. "तरी पण," म्हणाली. डोळे पुसून लगेच, "मॅडमना फोन कर आत्ता."

९ जुलै
पवार मॅडम: "सर, तुमची टॉप आठ दिवसांत मिळते. सात सीटवाल्या मिडला वेटिंग आहे. गणपतीच्या आधी की नंतर, मी खोटं नाही सांगणार."
म्हटलं, मिड करा.
"सनरूफ नाही त्यात."
म्हटलं, माहीत आहे.
संध्याकाळी पोरींना कळलं. धाकटी म्हणाली, "सनरूफ कॅन्सल? वाट लागली यार!" मोठीने तिला चिमटा काढला. ब्रोशरमधलं सनरूफचं पान मी फाडून ठेवलंय. कशासाठी, विचारू नका.

१२ जुलै, रविवार
घरात जाहीर केलं. सात सीट. आत्या येणार. आत्या म्हणाली, "मी खंय म्हटलंय येतंय म्हणून?" आणि भाजी निवडायला बसली.

आई म्हणाली, "वन्सं येणार तर मी मागच्या रांगेत बसते. माझं काय."
बाबांनी पेपर वाचला. तेच पान, बराच वेळ.

२० जुलै
आत्याचं मुलुंड झालं! चेकनाक्यापर्यंत. तिकीट दाखवलं मला, शाळेतल्या प्रगतिपुस्तकासारखं. पण अट तीच. अगदी पुढे बसलं तरच. सहज एकदा मधल्या सीटवर बसून पाहिलं तर विक्रोळीलाच उतरावं लागलं.

म्हणजे पुढची डावी सीट.

किती मूर्ख मी. महिनाभर बेस, मिड, टॉप करत बसलो. काच की पत्रा, बाक की खुर्ची. पुढे डावीकडची सीट तिन्हींत एकच आहे.

२६ जुलै, रविवार
बाबांना विचारलं. सरळ. सकाळी गॅलरीत, दोघंच होतो.

"मी मागे बसू?"
"मधल्या रांगेत, बाबा. खिडकीशी."
"गावच्या तिठ्यावर सगळे उभे असतात. पुढे वैजू आणि मी मागून उतरू?"
 मग बोललो, जे एकोणीस वर्षं बोललो नव्हतो. की मी त्या दिवशी जागा होतो, आणि जागा दिली नाही. त्यांनी ऐकलं. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, तिकडे बघत राहिले.

मग म्हणाले, "ती खरंच मुलुंडपर्यंत जाते?"
"जाते."
आत गेले. पाच मिनिटांनी परत आले. "एकटी जाते?"

४ ऑगस्ट
गाडीचा पत्ता नाही. मॅडम म्हणतात, बघू.
आज दुकानात एक आजी आल्या, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पहिला चष्मा. भिंग लावल्यावर म्हणाल्या, "अगोबाई, समोरच्या झाडाला पानं आहेत." दिवसभर मी त्या पानांत. घाट, पानं, पुढच्या काचेतून. वरच्या नाही, पुढच्या. तिथून आत्याला केवढं दिसेल.

११ ऑगस्ट
बाबा दुपारी घरात नव्हते. आईला विचारलं, कुठे? म्हणाली, पाय मोकळे करायला. आत्याही नव्हती. साडेपाचला दोघं एकाच लिफ्टने वर आली.  बाबांच्या तोंडाला आल्याचा वास.

मी काही विचारलं नाही. विचारलं तर मोडेल असं वाटलं.

१६ ऑगस्ट, रविवार
सकाळीच आई म्हणाली, "आधीचं गाऱ्हाणं सहांचं होतं. गाडी बदलली, माणसं वाढली, देवाला सांगायला नको? तो सहांचीच जबाबदारी घेऊन बसलाय." बाबा हसले नाहीत. अंघोळ करून नारळ घेऊन उभे राहिले. आम्ही मागे. आत्यालाही आईने हाताला धरून आणलं.

"बा देवा म्हाराजा, गाडी येवक उशीर होता हा, ता तू बघ. मागे माझ्याकडसून मोजूक चूक झाली. ह्या सात लेकरांका सुखरूप गावाक ने, सुखरूप परत हाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आई, अनघा, पोरी, मी.

आत्या नारळाकडे बघत होती.

बाबा कधी थांबत नाहीत, गाऱ्हाणं झालं की नारळ फोडतात. आज थांबले. मागे वळून म्हणाले, "वैजू, तुजा 'होय' आयकूक नाय इला."

आत्याने चष्मा नीट केला. "फुडची सीट कोणाची, ता आदी सांग."

आई पोरींना घेऊन आत गेली. अनघाही. मी इथे हॉलमध्ये वही घेऊन बसलोय. देवाजवळ दोघंच आहेत. नारळ अजून फुटल्याचा आवाज आलेला नाही.