ध्रुवावरचं चित्र, विमानासह

ता. पारोळा, माघ वद्य अष्टमी, १९८७

चिरंजीव अभिमन यास,

हिलालभाऊचे आशीर्वाद. तुझ्या त्या बर्फाच्या पोस्टवर पोचेपर्यंत ते गोठू नयेत, एवढंच खंडेरावाकडे मागणं. तुझी तब्येत कशी आहे? पायमोजे दोन-दोन घालतोस ना? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, बाकी क्षेम काडीचंही नाही. माझा सिनेमाचा तंबू तीन जागी फाटला आहे. तुझी वहिनी प्रमिलाबाई गेले आठ दिवस माझ्याशी भिंतीकडे तोंड करून बोलते. आणि मायनं संध्याकाळची भाकरी सोडली आहे. पहिल्या दोन गोष्टी मी कशाही निभावीन, त्यांची मला सवय आहे. तिसरीसाठी हे पत्र लिहितो आहे, तेव्हा मध्येच ठेवून देऊ नकोस, शेवटपर्यंत वाच.

झालं असं. (असं झालं नसतं तर किती बरं झालं असतं, पण ते माझ्या पत्रिकेत नाही.) यंदा आपल्या गावच्या यात्रेत तंबू लावायची परवानगी मला मिळाली ती एका अटीवर. यात्रा कमिटीचे उखर्डू आबा म्हणाले, हिलाल, तू दरसाल मारामाऱ्या आणि नाचगाणी दाखवतोस, बायामाणसांनी बघायचं काय? माघी पौर्णिमेला धार्मिक चित्र लाव, नाहीतर तंबू पिंपळनेरला घेऊन जा. मी चित्रं पुरवणाऱ्या भुसावळच्या एजंटाला कार्ड टाकलं : यात्रेसाठी धार्मिक चित्र पाठवावे, भक्त ध्रुव असल्यास उत्तम. उलट टपाली कार्ड आलं. ते कार्ड मी अजून खिशात बाळगतो आणि दिवसातून दहा वेळा वाचतो. त्यात लिहिलं आहे : "ध्रुवावरचे एक चित्र शिल्लक आहे. विमान आहे. जुने आहे पण चांगले आहे. पाठवीत आहे." आता तूच सांग, यात एक तरी शब्द खोटा आहे का? ध्रुवबाळाला न्यायला वैकुंठाहून विमान येतं हे कीर्तनात ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. ध्रुव म्हटल्यावर उत्तर ध्रुव कुणाच्या डोक्यात येतो? भूगोलाच्या मास्तरच्या आणि तुझ्या. भूगोलात मी दोनदा नापास झालो ते तुला माहीत आहे, आणि तू नेमका घरात नाहीस.

चिंधा पेंटरनं बोर्ड असा रंगवला की काय सांगू! विष्णूच्या मांडीवर गोबऱ्या गालांचा ध्रुव, वर हंसाचं विमान, कडेला नारद. (नारदाचा चेहरा आपल्या तलाठ्यासारखा झाला होता, पण चिंधाला एकच चेहरा येतो.) तो बोर्ड बैलगाडीवर लावून भोंग्यासकट चार गावं फिरवला. आणि मग जे अकरा वर्षांत झालं नव्हतं ते झालं. माय म्हणाली, मी येते. तुला ठाऊक आहे, मी तंबू घेतला त्या दिवसापासून तिनं त्यात पाय ठेवलेला नाही, तिथं नंगानाच चालतो म्हणून. त्या दिवशी तिनं धुतलेलं लुगडं नेसलं, हळदकुंकवाचं ताट घेतलं, आणि मी तिला पहिल्या रांगेत घोंगडीवर बसवलं. अभिमन, मला इतका आनंद झाला होता की मी डोळे पुसायला जनरेटरमागे गेलो. तिथं डिझेलचा हात डोळ्याला लागला, डोळा आजही चुरचुरतो.

तंबू गच्च भरला. बायांनी चपला बाहेर काढल्या, उखर्डू आबांनी पडद्यापुढे नारळ फोडले, खोबरं वाटलं, आणि ऑपरेटर पुनाला मी हात केला. दिवा लागला आणि पडदा नुसता पांढरा. शिट्ट्या सुरू झाल्या. मी ओरडलो, पुना, रीळ लाव. पुना ओरडला, भाऊ, रीळ लागलेलंच आहे. नीट बघितलं तेव्हा कळलं की तो बर्फ होता. वर बर्फ, खाली बर्फ, काळं-पांढरं जुनाट चित्र, त्यात केसाळ कोट घातलेले पाच गोरे सोल्जर, आणि बोलणं सगळं इंग्रजी. पळावं म्हटलं तर दाराशी कमिटी बसलेली. तेवढ्यात घरघर करत एक थोराड विमान पडद्यावर आलं आणि साऱ्या बायांनी हात जोडले. मायनंही जोडले. ते जोडलेले हात बघून मला दुर्बुद्धी सुचली. मी भोंग्याचा माईक उचलला आणि अर्थ सांगायला लागलो.

तू हसशील. हस, इथं हसणारं कुणी राहिलेलं नाही. मी सांगितलं, हे पाच जण हिमालयात तपाला बसलेले ऋषी आहेत, अंगावर व्याघ्रचर्म आहे, थंडीमुळे ते जरा जाड घेतलं आहे. कानाला तारा लावून टकटक करणारा एक होता, तो नारद, इकडची खबर तिकडे करतो. हे सगळ्यांना लगेच पटलं. सगळ्यात कोवळा, दाढी न फुटलेला, तो ध्रुव. मग त्या पाचांना घेऊन निघालेलं विमान बर्फात कोसळलं. मी म्हटलं, इंद्रानं तपोभंग केला. मग त्यांच्यातल्या कप्तानानं खिशातून बाईचा फोटो काढला, आणि मागून शेजारच्या झुलालची आजी विचारते, ही कोण? सबंध चित्रात दुसरी बाई दिसायची आशा नव्हती, म्हणून मी सांगून टाकलं, ही सावत्र आई सुरुची. बायांनी फोटोला मोजून शिव्या घातल्या, आणि नेमका त्याच वेळी कप्तानानं त्या फोटोचा मुका घेतला. त्यातून मी कसा सुटलो ते लिहीत नाही. पुढे पांढरं अस्वल आलं. मी म्हटलं, वयोमानानं पिकलेला जांबुवंत. उखर्डू आबा उभे राहिले. हिलाल, जांबुवंत रामायणातला आहे! मी म्हटलं, आबा, तोच पुढे इकडे राहायला आला. आबा बसले, पण माझ्याकडे बघत बसले.

पण खरं सांगतो, पाऊण चित्र झाल्यावर बाया पडद्याकडे सरकून बघायला लागल्या. बोलणं कळत नव्हतं तरी पोटात कळत होतं. एक लहानसं विमान आलं, चाकांच्या जागी लाकडी फळ्या लावलेलं. त्यात दोनच माणसं मावत होती. पहिल्यांदा दोघांना नेलं. दुसऱ्या खेपेला आलं तेव्हा तिघे उरले होते. तो कोवळा पोरगा बसायला निघाला आणि थांबला. पाय मोडलेल्या नारदाला त्यानं उचलून आपल्या जागेवर बसवलं. वैमानिक काहीतरी बोलला, बोटानं वर दाखवलं, आणि विमान उडालं. पोरगा बर्फात एकटा उभा राहिला. वारं सुटलं. मी माईकवर म्हणालो, परत येतो असं सांगून गेले. माझा आवाज फुटला, अगदी खरोखरचा फुटला. रीळ संपलं. पुनानं शेवटचा डबा उघडला, लावला, आणि पडद्यावर कपाशीचं बोंड आलं.

बोंड! सरकारी माहितीपट, बोंडअळीपासून पिकाचं संरक्षण. डबा बदलला होता रे! अळी बोंडात शिरते, अळी बाहेर येते, एक साहेब पंपानं फवारतो, आणि सहाशे माणसं ध्रुवबाळाची वाट बघत बसलेली. मग जे व्हायचं ते झालं. नारळाच्या करवंट्या आल्या, खुंट्या उपटल्या गेल्या, चिंधाचा विष्णू कुणीतरी घरी नेला. (तो नीट आहे, देव्हाऱ्यात लावला आहे असं ऐकतो.) उखर्डू आबांनी मला एवढंच सांगितलं की ते जिवंत असेपर्यंत या गावात माझा तंबू लागणार नाही. त्यांची तब्येत ठणठणीत आहे.

सगळे गेल्यावर पाहतो तर माय घोंगडीवर तशीच बसलेली, ताट मांडीवर. मी म्हटलं, माय, चल. ती म्हणाली, "त्या पोऱ्याले लेवाले कोन्ही उनं का?" मी म्हटलं, माय, त्याला न्यायला कोण येणार, तो सिनेमा आहे. "सिनेमा शे ते माले दिखस. कोन्ही उनं का, ते सांग."

त्या दिवसापासून ती संध्याकाळी जेवत नाही. पान वाढलं की म्हणते, "तो तठे उपाशी शे." सकाळची अर्धी भाकरी खाते, त्यावर दिवस काढते. वैद्याला आणलं, त्यानं पोटाचं चूर्ण दिलं. तुझ्या वहिनीनं वांग्याचं भरीत केलं, कळण्याची भाकरी केली, पान तसंच परत. मी शेवट बनवून सांगितला : दुसऱ्या दिवशी विमान आलं, पोराला घेऊन गेलं. मायनं विचारलं, न्यायला कोण आलं होतं? मी म्हटलं कप्तान. दोन दिवसांनी तिनं पुन्हा विचारलं आणि मी म्हटलं नारद. झालं, पकडला गेलो. ती चिडलीही नाही. नुसती म्हणाली, "तुले माहीत नही."

मी किती गाढव आहे ते पाहा. चौथ्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला, तोही तुझ्या वहिनीनं भिंतीला सांगितलं म्हणून. ती भिंतीला म्हणाली, बर्फ, विमान आणि पोरगा, एवढं सांगूनही या माणसाला कळत नसेल तर यानं तंबू विकून शेळ्या राखाव्यात. तेव्हा कळलं. तीन वर्षांपूर्वी मामाकडे जातो म्हणून तू धुळ्याला फौजेच्या भरतीला गेलास, आणि मायनं तुझं नाव टाकलं. तूही तिच्याच पोटचा. तीन वर्षांत एकदाही रजेवर आला नाहीस. तुझी पत्रं मला येतात. ती मी मोठ्यानं वाचतो, ती चुलीपुढे पाठ करून ऐकते. तू शेवटी लिहितोस, घरच्यांना नमस्कार. मी थांबलो की ती विचारते, पुढं काही लिहिलं आहे का? पुढं काही लिहिलेलं नसतं रे. विमानातून टाकलेलं सामान तुम्ही बर्फातून उचलता, एवढंच तिला तुझ्याबद्दल ठाऊक आहे, आणि आता तिनं बर्फ डोळ्यांनी पाहिला आहे. तोही माझ्याच तंबूत, पहिल्या रांगेतून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आहे.

जास्त काय लिहू. पाय जपून टाक. तुझ्या वहिनीचा नमस्कार (भिंतीमार्फत).

तुझा दुर्दैवी भाऊ,
हिलाल

ता. क. मुख्य विचारायचं राहिलंच. तू त्या मुलखात राहतोस, तुला ठाऊक असणार. विमानात जागा नाही म्हणून मागे ठेवलेल्या माणसाला तुमच्यात परत न्यायला येतात ना? तेवढंच एका पत्रात लिही. पत्र मला नको, झुंबरबाई यांस असं तिच्या नावानं लिही. तिला वाचता येत नाही, पण आपलं नाव तिला ओळखू येतं.

ता. क. दुसरा. हे कुणाला सांगू नकोस. परवा एजंटानं खरा डबा पाठवला. मी भिंतीवर धोतर टांगून एकट्यानं तो लावून पाहिला. विमान परत येतं. घिरट्या घालतं, खाली उतरतं, माणसं हाका मारतात. तिथं कुणी नसतं. मी डबा त्याच दिवशी परत पाठवला आणि घरी सांगितलं, तो गहाळ झाला. तुझ्या वहिनीलाही हेच सांगितलं आहे.

ता. क. तिसरा. पहिला ताजा कलम रद्द समज. पत्र लिहू नकोस. ते वाचणार मीच, आणि माझ्यावर मायचा विश्वास उरलेला नाही, तो उरावा असं मी काही केलेलंही नाही. तूच ये. साहेबाच्या पाया पड, भाऊ मेला म्हणून सांग, मला चालेल, पण रजा काढ. तुझं नाव तिनं अजून घेतलेलं नाही. पण काल तिनं तुझ्या वहिनीला विचारलं की जळगावची शेवटची गाडी फाट्यावर किती वाजता येते. वहिनी चुकून बोलून गेली, साडेसहाला. तेव्हापासून साडेसहाला माय ओट्यावर जाऊन बसते. गाडी साडेसातला येते, अभिमन. तिला ते सांगायचं धाडस आम्हा दोघांनाही होत नाही.