टायर बघण्याचा कार्यक्रम

विश्रामबाग, सांगली
३ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप तात्यांस,
वीरधवलचा शि. सा. न. वि. वि.

फोन फक्त आजारपणाला आणि मयतीला, बाकी जे ठरवायचं ते कागदावर, हा तुमचा नियम पाळून लिहितोय. फौज सोडून इतकी वर्षं झाली तरी तुम्ही घर लेखी हुकमावरच चालवता. चुलत्यापुढे पुतण्या काय बोलणार?

काकीच्या डोळ्याची तारीख मिळाली, १९ डिसेंबर. मोतीबिंदू पार पिकलाय, आता उशीर नको असं डॉक्टर म्हणाले. मी औंधला गाडी घेऊन यायचं आणि काकीला सांगलीला आणायचं, इतकं साधं काम होतं. पण काल काकीनं राजनंदिनीला फोनवर बजावलं की त्या गाडीचे टायर बदलल्याशिवाय मी तिच्यात पाय ठेवणार नाही. गेल्या महिन्यात तुमच्या शिवारातल्या चिखलात गाडी जागच्या जागी फिरली आणि उसात जाऊन उभी राहिली, तेव्हापासून तिनं धसका घेतलाय. एस.टी.त तिला मळमळतं आणि भाड्याच्या गाडीवर तिचा विश्वास नाही.

खरं सांगू का, मला आयतं निमित्त मिळालं. टायर झिजलेच होते. ही काही भाजी आणायची गाडी नाही तात्या, ही पळायला केलेली गाडी आहे, हे मी माझ्याच बायकोला, राजनंदिनीला, अजून पटवतोय. तेव्हा टायरही तसेच हवेत. मऊ रबराचे, वळणावर रस्ता न सोडणारे. एक कोरड्या रस्त्याला उत्तम, एक पावसापाण्यात चांगला, एक दोन्हीकडे बरा पण आवाज करतो. माझं काही ठरेना. तुम्ही फौजेत गाड्या चालवल्यात, तुमचा सल्ला कळवा.

काकीला नमस्कार. लोभाची हवा कमी होऊ देऊ नये, ही विनंती.

आपला,
वीरधवल


औंध, जि. सातारा
६ डिसेंबर २०२४

चि. वीरधवल यास,
तात्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र पोचले.

सल्ला मागितलास हे बरं केलंस. टायरला दात पाहिजेत, बाकी सगळं दुकानदाराचं बोलणं. लडाखला मी ज्या टायरवर ट्रक चालवला त्याच्या खाचेत माझी मूठ बसत होती. तुझ्या गाडीच्या टायरात तर चिंचोकाबी बसायचा न्हाई. पळणारी गाडी म्हणतोस, पण ती उसात पळाली हे तू विसरलास.

तुझी काकी म्हणते, टायर मी स्वतः पसंत करणार. मी तिला सांगितलं, तुला सावल्यांशिवाय काही दिसत न्हाई, तू काय पसंत करणार? ती म्हणाली, जोंधळा मी हातानंच पारखते, टायर काय जोंधळ्यापेक्षा अवघड हाय? तेव्हा मुलगी बघायला नेतात तसे टायर इकडं पाठव. बघण्याचा कार्यक्रम रीतसर करू. पोहे आमच्याकडं.

राजनंदिनीला आशीर्वाद. तिचं म्हणणं मला पटतं एवढं तिला सांग. आशीर्वाद देतोय, पण टायर बघितल्यावरच पुरता लागू होईल.

तुझा,
तात्या


विश्रामबाग
९ डिसेंबर २०२४

ती. तात्यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी सिकंदरभाईंना वाचून दाखवलं. सांगलीत टायर त्यांच्याकडूनच घेतो. इतक्या वर्षांत टायर पोहे खायला नेले नाहीत, असं ते म्हणाले. पण त्यांचं शिरवळला एका कारखान्यात काम आहे, तेव्हा वाट वाकडी करून गुरुवारी औंधवरून जायला तयार झालेत. तीन प्रकारचे तीन टायर नमुन्याला आणतील. तात्या, ते टायर विकायचे आहेत, जपून हाताळा. माणूस भला आहे, त्याला फौजेचे किस्से फार सांगू नका.

काकीला काय तो एक पसंत करू दे, म्हणजे मी तारखेआधी चारही बसवून घेतो. मला कॉलेजवर परीक्षेच्या ड्युटीमुळे येता येत नाही. लक्ष असू द्यावे, टायरवर आणि माझ्यावरही.

वीरधवल


औंध
१३ डिसेंबर २०२४

चि. वीरधवल यास,
अ. आ. वि. वि.

कार्यक्रम यथासांग पार पडला. ओट्यावर सतरंजी घातली, तीन टायर मांडले, काकीनं प्रत्येकाला हळदकुंकू लावलं. शेजारचा ज्योतिबा आणि त्याची आई बयाबाई बघायला आली होती. सिकंदरभाई जरा अवघडल्यासारखे बसले होते, पण मुलीकडची माणसं अशीच बसतात.

पहिला टायर पार गुळगुळीत. काकीनं हात फिरवला आणि म्हणाली, ह्यो कुणीतरी वापरून टाकलेला हाय. सिकंदरभाईंनी परोपरीनं सांगितलं की हाच सगळ्यात भारी, रेसच्या गाड्यांचा टायर असाच असतो. मलाबी ते पटलं न्हाई. दुसऱ्याला एका बाजूला दात, दुसऱ्या बाजूला नुसत्या रेघा. काकी म्हणाली, करणाऱ्याला मधीच जेवायला बोलावलं असंल. तिसऱ्याचे दात बरे होते, पण कडेला काहीतरी उठलेलं तिच्या बोटाला लागलं. तो बाण हाय, टायर त्याच दिशेला फिरला पाहिजे असं सिकंदरभाई म्हणाले. मग काकीनं विचारलं, ह्यो जायचाच हाय, परत यायचा कुठला? ते म्हणाले, आवं काकी, गाडी वळते की. ती म्हणाली, मी गाडीचं इचारत न्हाई. आणि आत निघून गेली. सगळे पोहे तसेच राहिले.

आता एक बातमी आनंदाची. सिकंदरभाई जेवायला बसले तेव्हा मी पहिला टायर घेऊन आकारामकडं गेलो. ऊस ओढणाऱ्या ट्रॉल्यांचे टायर झिजले की आकाराम तापवलेल्या पात्यानं त्यात नव्या खाचा पाडून देतो. त्यानं ह्याच्यातबी पाडल्या, अगदी मुठीएवढ्या. मऊ रबर, लोण्यासारखं कापलं. आकाराम म्हणाला, असं रबर जन्मात बघितलं न्हाई. एका जागी आतल्या तारा दिसायला लागल्या तवा आमी थांबलो. सिकंदरभाईंना दाखवायला आणला तर ते पायरीवर बसले आणि हातातला चहा प्यायचा विसरले. माणूस फार हळवा आहे. तसलेच अजून तीन पाठव, तेही करून ठेवतो.

तुझं भलं चिंतणारा,
तात्या


विश्रामबाग
२० डिसेंबर २०२४

ती. तात्यांस,
सा. न. वि. वि.

शिरसाष्टांग ह्या खेपेला घालत नाही, राग मानू नका.

तुम्ही जो टायर कापला तो तिन्हींत महागडा होता. तो आता ना गाडीला चालत ना ट्रॉलीला. मी तो विकत घेतला आणि तो आमच्या गॅलरीत आहे. राजनंदिनीनं त्यात पुदिना लावलाय. सिकंदरभाई माझ्याशी बोलतात, पण औंधचं नाव निघालं की दुकानाच्या आत जातात.

तरीही मी बाणाचे चार टायर बसवले, काल पहाटे निघालो आणि तुमच्या दारात आलो. तारीख कालचीच होती. पुढचं तुमच्या डोळ्यांदेखत झालं, तरी लिहितो, कारण तुम्ही तिथं उभे राहून मिशी पिळण्यापलीकडे काही केलं नाहीत. काकीनं चारही टायर चाचपले, मला वाटलं जमलं. मग तिनं स्टेपनी मागितली. ह्या गाडीला स्टेपनी बारीक असते, कंपनीच तशी देते. काकीनं तिच्यावर हात ठेवला आणि म्हणाली, ह्या आजारी पोराच्या भरवशावर मी येणार न्हाई. पाटल्यांचा हात पदरात घेतला आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपली. मी मोकळी गाडी घेऊन परत आलो.

डॉक्टर रागावले. ६ जानेवारी दिलीय आणि सांगितलंय की त्यानंतर अवघड होईल. तात्या, मला भीती वाटते. टायरची थट्टा पुरे झाली. काकी आंधळी व्हायला निघालीय आणि आपण स्टेपनीवर बोलतोय. मला तिनं वाढवलं. माझं कॉलेज, माझी नोकरी तिनं ऐकली, पण माझा संसार तिला दिसलेला नाही. हे पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखवा.

वाट पाहणारा,
वीरधवल


औंध
२६ डिसेंबर २०२४

चि. वीरधवल यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मोठ्यानं वाचलं. निम्म्यावर कागद बयाबाईच्या नातीच्या हातात दिला, तिनं पुरं केलं. संध्याकाळी म्हशीला पाणी दाखवताना तुझ्या काकीनं आपणहून विषय काढला. म्हणाली, आता निदान सावल्या तरी दिसतात. तुमी दारात आला की दार काळं होतं, मला कळतं तुमी आला. डॉक्टरनं डोळा उघडला आणि चुकलं, तर दार कायमचं काळंच. मग तुमी आला का गेला ते मला कसं कळायचं?

वीरू, मी चीनच्या हद्दीवर पहारा दिला, पण घरातलं भ्याणं मला दिसलं न्हाई. बाई टायर बघतीय असं मी समजत होतो आणि वर आकारामकडून खाचा पाडून आणत होतो. मला रडू आलं. तोंडानं सांगता येत न्हाई, पत्रात लिहिता येतं, म्हणून लिहितोय.

मी तिला म्हणालो, नको जाऊस. तशी उलट मलाच बोलली, की तुमी नको म्हणायला लागला म्हणजे आता जायलाच पाहिजे. पण अट घातली. ती आपल्या ट्रॅक्टरमागं ट्रॉलीत बसून येणार. त्या टायरांना तिचा हात रोज लागतो. शिवाय ट्रॅक्टर सावकाश जातो, वाटेत मन फिरलं तर उतरून माघारी येता येतं. मोटारीत म्हणे मन फिरायच्या आत सांगली येते.

मी येऊ शकत न्हाई. ऊसतोडीची टोळी त्याच आठवड्यात आपल्या रानात शिरतीय आणि कारखान्याची पाळी चुकली तर ऊस वाळतो. ज्योतिबा ट्रॅक्टर चालवील. तू एक दिवस आधीच गाडी घेऊन ये आणि पुढं चाल. तिला मागं टाकून जाऊ नकोस. स्टेपनीही घेऊन ये, असू दे.

तुझ्यावर भिस्त ठेवून,
तात्या


विश्रामबाग
७ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप तात्यांस,
शि. सा. न. वि. वि.

नमस्कार पूर्ववत घातला आहे. डोळ्याचं काम नीट झालं. पट्टी उद्या काढतील, तोवर कुणालाच काही कळणार नाही, मलाही नाही.

प्रवासाचं ऐका. ज्या गाडीसाठी मी पंधरा दिवस टायर निवडले ती मी औंधहून ट्रॅक्टरच्या चालीनं आणली. बैलगाडीवाल्यानं मला बाजूला घे म्हणून हाक मारली. पुढं माझी गाडी, मागं ट्रॉली, ट्रॉलीत गादीवर काकी आणि डोक्यावर तुमची छत्री. विट्याच्या अलीकडे एका गावात लोकांना वाटलं कुणीतरी निवडून आलंय. दोन बायका ओवाळायला आल्या. काकीनं ओवाळून घेतलं आणि रस्त्याच्या कामात लक्ष घालते म्हणाली.

काकीनं दोनदा ट्रॅक्टर थांबवला. पहिल्यांदा खाली उतरली, औंधच्या दिशेला तोंड करून उभी राहिली. ज्योतिबानं इंजिन बंद केलं. मी स्टिअरिंग धरून बसलो, बोललो असतो तर ती परतच गेली असती. थोड्या वेळानं ती आपणहून वर चढली. दुसऱ्यांदा थांबली तेव्हा मला वाटलं आता संपलं. ती माझ्या गाडीपाशी आली, दार चाचपडलं आणि पुढच्या सीटवर बसली. ट्रॉलीनं पाठ मोडली म्हणाली. मी बेतानंच हाकत होतो, तर विचारते, हे टायर नुसते दाखवायलाच घेतलेस का, डॉक्टर जेवायला जाईल. मग तात्या, मी गाडी भरधाव सोडली. काकी माझ्या हातावर हात ठेवून बसली होती, दवाखाना येईपर्यंत.

सिकंदरभाई दवाखान्याच्या फाटकाशी उभे होते. घरच्यांना सांगून नमाजात दुआ मागितली म्हणाले. ज्योतिबानं ट्रॉली सोसायटीत लावलीय आणि वॉचमननं तिला पाहुण्यांच्या गाडीचा पास दिलाय.

उद्याची काळजी दोघांत वाटून घेऊ.

आपला,
वीरधवल


सांगली
१० जानेवारी २०२५

घरच्या मालकांस,
लीलाबाईचा नमस्कार वि. वि.

पत्र मी सोता लिवतीया. तुमी फौजेत हुता तवा लिवायची, त्यानंतर हाताची सवय मोडली, म्हणून अक्षर मोठं हाय. राजनंदिनी डोळ्याला ताण नको म्हणून वरडती. तिला मी सांगितलं, दोनच कागद लिवती.

दिसतंय. पट्टी काढली तवा आधी डॉक्टरची नर्स दिसली, मग पंख्यावरची धूळ. मग वीरू. त्याच्या डोक्यात चार पांढरं केस आल्यात आणि त्याचं त्यालाबी ठावं न्हाई. ती राजनंदिनी लय देखणी हाय, मला कुणी धड सांगितलंबी न्हाई. वीरूची गाडी लाल हाय व्हय? मी काळीच समजत हुते.

सिकंदरभाईच्या दुकानात जाऊन आले. तिथं भिंतीला सगळी टायरं लावल्याती. सगळी डोळ्यांनी बघितली. मला तर सारखीच दिसली. त्यांच्या घरच्यांनी शिरखुर्मा केला हुता, त्यात मनुका लय घालत्यात.

मी लय भ्याले हुते. पट्टी सोडताना नर्सनं डोळं उघडा म्हटलं तरी मी मिटूनच बसले. मग तुमी दारात आल्यावानी वाटलं आणि उघडलं. दारात वीरू हुता. तरी उघडलं ते उघडलं.

दुसऱ्या डोळ्याची तारीख मीच मागून घेतली. त्या येळंला मला एस.टी.नं आणा न्हाईतर कशानंबी आणा, मी कुणाची टायरं बघणार न्हाई.

वीरू इथं अजून दोन दिस ऱ्हा म्हणतोय. मी न्हाई ऱ्हात. ज्योतिबाला ट्रॅक्टर घेऊन पुढं लावून देतीया, ह्यो कागद त्याच्याच हाती, आमी रविवारी मोटारीनं निघतो. वीरूला सांगितलंय, काय त्या टायरांची पळायची ताकद असंल ती सगळी दाखव, मला घरी लवकर पोचायचं हाय. तुमचं तोंड नीट बघून किती वरसं झाली ते तुमाला ठावं हाय का न्हाई कुणास ठाऊक. मला ठावं हाय.

ऊसतोडीच्या टोळीला त्या दिशी सुट्टी द्या न्हाईतर नका देऊ, पर तुमी रानात जाऊ नका. दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, दारात उजेडाकडं तोंड करून उभं ऱ्हावा.

तुमची,
लीला