चेहऱ्यावर काही दिसता कामा नये

३ जून, सोमवार
वाचनालयातून देहबोलीवरचं पुस्तक आणलं. माझी शाळा सातवीनंतर सुटली, वाचायचं सुटलं नाही. कापडाच्या गठ्ठ्याला गुंडाळून आलेला कागदसुद्धा मी वाचून टाकते.

पुस्तकात लिहिलंय की भावना सर्दीसारख्या असतात, एकाच्या दुसऱ्याला लागतात. वाचलं आणि सगळा उलगडा झाला. मुलीला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली आहे. पंधरा तारखेपर्यंत कळवायचं आहे. ती नुसतं 'बघू' म्हणते. म्हणजे माझी सर्दी तिला लागली. हे जाऊन आठ महिने झाले, तेव्हापासून मी आमच्या शिवणाच्या दुकानात जरा पडेल चेहऱ्याने बसत असेन.

उद्यापासून बंद. खांदे सरळ, मान वर, ओठांवर हसू. ते बघून ती आपणहून हो म्हणेल. ती राहावी असं मला अजिबात वाटत नाही. नंतर घोळ नको म्हणून हे इथे स्पष्ट लिहून ठेवते.

४ जून
ट्रायल रूमच्या आरशासमोर वीस मिनिटं हसायचा सराव. डोळ्यांनीही हसायचं असतं. बाहेर आले तर मशीनकाकांनी विचारलं, वहिनी, दाढ दुखतेय का? सव्वीस वर्षं आमच्याकडे शिवण करतात, पण वाचन शून्य. त्यांना म्हटलं, हे शास्त्र आहे, माणसाच्या चेहऱ्यावरून मन कळतं. ते म्हणाले, मान खाली घालून शिवणाऱ्याला लोकांचे पायच दिसतात, चेहऱ्याचं काय ते तुम्ही बघा.

५ जून, दुपार
प्राचार्य आले. बारा तारखेला निवृत्तीचा समारंभ, त्यासाठी कोट. पुरुषांची मापं हे घ्यायचे, बायकांची मी. आता दोन्ही माझ्याकडे.

यांची एक सवय होती. पोटाभोवती टेप लावायचा आणि विचारायचं, काय, घरी सगळे बरे ना? मग गिऱ्हाईक बोलत बसायचं आणि हे टेप धरून उभे. मला तो वेळेचा खेळखंडोबा वाटायचा. मी पुस्तकाप्रमाणे केलं. ताठ उभी राहिले, नजरेला नजर दिली. प्राचार्यही ताठ झाले! मी छाती पुढे काढली, त्यांनीही काढली. एवढा प्रभाव तर यांचासुद्धा कधी पडला नव्हता. पोटाचा घेर अडतीस, मी खणखणीत आवाजात सांगितलं. मुलगी वहीत मापं लिहिते, तिचं पेन थांबलं. म्हटलं, लिही.

७ जून
चहाच्या वेळी तळहात उघडे ठेवून बसले. त्याने समोरच्याला मोकळं वाटतं. मुलीने हातावर साखरेचा डबा ठेवला.

सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या नोकरीच्या पत्राचं काय? म्हणाली, बघू. पण आजचं 'बघू' जरा मऊ होतं. फरक पडतोय.

८ जून
बटणांचे डबे रंगाप्रमाणे लावले. मग भोकांप्रमाणे. मग परत रंगाप्रमाणे. कात्र्या पुसल्या. दारात जाऊन आले, कोणी नव्हतं. पुन्हा जाऊन आले. याला अस्वस्थ होणं म्हणत नाहीत, दुकान टापटीप लागतं.

खुंटीवरच्या यांच्या जॅकेटच्या खिशात खडू सापडला. झिजून नखाएवढा झालेला. परत खिशात ठेवला. चेहऱ्यावर काहीही दिसू दिलं नाही. समोर कोणी नव्हतंही.

१० जून, सकाळी ८
नवं प्रकरण : समोरच्यासारखं वागा, तो तुमचा होतो. मुलीने हनुवटीला हात लावला, मी लावला. तिने केस मागे केले, मी केले. तिने क्लासला जायला बॅग उचलली, मी माझी पिशवी उचलली. तिने विचारलं, तू कुठे निघालीस? म्हटलं, दारापर्यंत.

निरोप छोटा असावा असं पुस्तक म्हणतं. निरोप छोटाच झाला. बस वळणावर दिसेनाशी व्हायला वेळ लागला, त्याला मी काय करणार.

११ जून
कोटाची ट्रायल. श्वास रोखला की बटण लागतं, बोलायला गेलं की ताणतं. प्राचार्य फार सभ्य माणूस. म्हणाले, बाई, भाषण करायचंय, मध्ये मध्ये श्वास घ्यावा लागेल.

मी म्हटलं, सहा दिवसांत तुमची तब्येत सुधारलेली दिसते. आणि वातावरण हलकं करायला डोळ्यांसकट हसले. तेही हसले. बटण उडालं ते थेट मशीनखाली.

ते काढायला मी वाकले तेव्हा काका पुटपुटले, दादा गिऱ्हाईकाला बोलतं करून श्वास सोडायला लावायचे आणि मग टेप वाचायचे. टेप लावला की सगळे पोट आत घेतात, वहिनी.

सव्वीस वर्षं मी शेजारच्याच टेबलाशी होते.

शिवणीत आत दीड इंच जादा कापड सोडायची यांची शिस्त काकांनी पाळली होती, म्हणून निभावलं. मुलगी आणि काका दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत कोट उसवून परत जोडला. मी त्यांना सरळ खांद्यांनी धीर दिला.

१३ जून
कोट छान बसला. भाषण लांबलं म्हणे.

दुपारी मुलगी टेप घेऊन समोर आली. तुझ्याकडे एक धड जॅकेट नाही, उभी राहा. मी उभी राहिले. मान वर, खांदे मागे, सगळं पुस्तकाबरहुकूम. तिने टेप लावला आणि विचारलं, "आई, मी गेले तर तुझं काय होईल?"

म्हटलं, काय व्हायचंय, मजेत राहीन. हसलेसुद्धा.

तिने टेप वाचलाच नाही. धरून उभी राहिली.

"बाबा विचारून थांबायचे," ती म्हणाली. "मीपण थांबते."

काकांचं मशीन थांबलं. मी किती वेळ श्वास धरला होता कोण जाणे. तो सुटला आणि त्याच्याबरोबर तोंडातून निघून गेलं, "नको जाऊस गं."

तिने टेप सोडला नाही, मलाही सोडलं नाही.

थोड्या वेळाने म्हणाली की तिने चार तारखेलाच हो कळवलं आहे.

चार तारखेला! म्हणजे मी आरशासमोर हसत होते तेव्हा. मग रोज 'बघू' कशाला म्हणत होतीस, मी विचारलं.

"तू आठ महिन्यांत एकदाही रडली नाहीस. तुला अशी बंद करून ठेवून मला जाववत नव्हतं."

काकांनी मान वर न करता सांगितलं, दहा दिवस वहिनींचे पाय दारापर्यंत जातात आणि परत येतात, मला तर पहिल्याच दिवशी कळलं होतं.

मुलीने माप वाचलं. छत्तीस. मी इतकी वर्षं चौतीस सांगत आले.

२९ जून, शनिवार
मुलगी सकाळच्या गाडीने गेली. माझं जॅकेट तिने आदल्या दिवशी पुरं केलं. सैल वाटतं, पण श्वास घेता येतो.

स्टेशनवरून येताना पुस्तक परत केलं. शेवटची तीन प्रकरणं राहिली, ती मला गरजेची वाटली नाहीत. ग्रंथपाल बाईंनी विचारलं, उपयोग झाला का? मी अगदी सहज, हसतमुखाने, खांदे सरळ ठेवून हो म्हटलं.

त्यांनी उठून मला त्यांची खुर्ची दिली.