हातोडीच्या आवाजात झोपणारी पोरगी

प्रिय आत्ती,

आज दुपारी कोल्हापूरला राजारामपुरीतल्या दवाखान्यात मी तुमच्या नावावर खोटं बोलले, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही असतात तर समोर येऊन कबूल केलं असतं असं लिहिणार होते, पण तेही खोटंच. तुम्ही असतात तर मी तोंड उघडलंच नसतं. तुम्हाला जाऊन दहा महिने झाले आणि तुमचा लेक पैंजणांचा माल पोचवायला बाहेर गेला आहे, तेव्हा कुठं कागद पुढ्यात घ्यायची हिंमत झाली.

तुमच्या नातीला, शरूला, ऐकू येत नाही. तुम्ही गेल्यावर सात महिन्यांनी ते पक्कं कळलं. चार ठिकाणी तपासण्या केल्या, चारही ठिकाणी तेच. आता दोन्ही कानांना यंत्रं लावली आहेत. त्यांनी भागलं नाही तर ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतरही बोलेलच असं कुणी छातीठोक सांगत नाही.

आज नव्या डॉक्टरबाईंनी फाईल चाळली आणि विचारलं, "सव्वादोन वर्षं घरात कुणालाच शंका आली नाही?" रागावून नाही, साधंच विचारलं. आणि मी पटकन म्हणाले, "सासूबाई म्हणायच्या, काही होत नाही, आमच्या घरची पोरं अशीच असतात." त्यांनी मान हलवली आणि ते लिहून घेतलं. लिहून घेतलं हो, आत्ती! शेजारी तुमचा लेक, संदीप, बसला होता.

काय म्हणतील लोक, असं तुम्ही सारखं म्हणायचात. ऐका मग. लोक म्हणतात, म्हातारीनंच पोरीचा वेळ घालवला. तुमची धाकटी जाऊ तर चौकात उभी राहून म्हणाली, "पोरगी हातोडीत झोपती म्हणून गावभर कवतिक करत हिंडली की ही! तवाच कळाय नको?" मी तिथंच उभी होते आणि गप्प बसले. माझ्यासारखी फाटक्या तोंडाची बाई गप्प बसली, यावरूनच त्यांनी ओळखायला हवं होतं.

कौतुक तुम्ही केलं होतं, हे खरं आहे. हुपरीत आपल्या घरासारखी घरं गल्लोगल्ली. खाली चांदीचं काम, वर संसार. सकाळी नऊपासून ठकठक सुरू. माझ्या माहेरी, मुरगूडला, भांडं पडलं तरी पाळण्यातलं पोर दचकून रडायचं. आणि आपली शरू ऐरणीपासून चार हातांवर, झोळीत, ढिम्म! तुम्ही आल्यागेल्याला ओढून दाखवायचात, "बघा पावणं, कारागिराची पोरगी हाय. हातोडीच्या आवाजात कशी झोपती बघा!" गिऱ्हाईक हसायचं, मीही हसायचे. मला केवढा अभिमान वाटायचा! आईला बसायला वेळ देणारं गुणी बाळ म्हणायचे मी तिला.

आणि शंका यावी तरी कशावरून? मान वेळेत धरली, पालथी पडली, बसली, रांगली. तुम्ही रोज तेल जिरवून जिरवून पाय असे केले होते की अकराव्या महिन्यात पोरगी पाऊल टाकत होती. अंगणवाडीच्या ताई तक्त्यावर खुणा करत जायच्या. "नावानं हाक मारली की बघते का?" त्यांनी विचारलं की मी पोळी उलटता उलटता "बघती की" म्हणायचे. कधी मागून हाक मारून पाहिलं होतं मी? आई समोरून येते, हसते, हात पसरते. पोर बघणारच!

तुम्ही मात्र पाहिलंत.

शरूला दहावा महिना होता. दुपारची जेवणं झाली होती आणि तुम्ही घुंगरं निवडत बसला होतात. एकाएकी म्हणालात, "सुप्रिया, ही आधी बा-बा-बा करून डोकं उठवायची. आता का गं बोलंना झाली?" मी म्हणाले, दात येताहेत. तुम्ही उठलात, तिच्या पाठीमागं जाऊन उभ्या राहिलात आणि हाक मारलीत. एकदा, दोनदा, तीनदा. शरू फरशीवर बसून डबीचं झाकण उघडत होती, ती उघडतच राहिली. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. तुमचा चेहरा उतरला होता. "पोरीला ऐकू येतंय न्हवं गं?"

आत्ती, ऐका. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. एक क्षण मलाही कळलं होतं. पण राग माझ्या नाकावर आणि जीभ त्याच्याही पुढं.

"थांबा, मी दाखवतो की," म्हणत मी हातोडी उचलली आणि तिच्या पाठीमागं, ठोकळ्यात बसवलेल्या ऐरणीवर दाणकन घातली. शरू गर्रकन वळली आणि हसली. मी पुन्हा घातली. ती पुन्हा वळली, टाळ्या पिटायला लागली. "बघा! डोळं भरून बघा!" मी जिंकल्यासारखी ओरडले.

तुम्ही शांतपणे म्हणालात, "हातोडी नगं. हाक मार की."

मी हाक मारली नाही. त्याऐवजी म्हणाले, "नातू पायजे हुता तुम्हाला. न्हाय झाला, म्हणून पोरीत खोट काढताय व्हय?"

मुलगी झाली की आपल्याकडं बर्फी वाटतात, पेढे मुलाचे. तुम्ही शरूच्या वेळी हट्टानं पेढे वाटले होते. दुकानदारानं "नातू का?" म्हटल्यावर त्याला चार शब्द सुनावून आला होतात. ते सगळं मला पाठ होतं, तरी मी तसं बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय!

तुम्ही परत जागेवर गेलात. घुंगरांचा डबा बंद केलात आणि वर निघून गेलात. तो विषय तुम्ही पुन्हा कधीच काढला नाहीत.

आता मला सांगा, का नाही काढलात? भाजीतल्या मिठावरून तुम्ही माझ्याशी दोन दिवस भांडू शकत होतात. लाईटबिलावरून वायरमनला घाम फोडणारी बाई तुम्ही! माझ्या एका वाक्याला भ्यालात? शरूला काखेत मारायचं आणि कोल्हापूरची एसटी धरायची. मी आरडाओरडा केला असता, माहेरी गेले असते, आठ दिवसांनी परत आले असते. तेवढंच ना? का मला ठेचलं नाहीत?

ऐरणीचं कोडं मला या वर्षी सुटलं. कान तपासणाऱ्या त्या तरुण मुलीला मी मोठ्या आशेनं सांगितलं, "हातोडी वाजवली की ती वळायची हो, म्हणजे थोडं तरी ऐकू येत असेल ना?" तिनं विचारलं, "तेव्हा ती बसली कुठं होती?" म्हटलं, फरशीवर. तिनं टाच जमिनीवर आपटून दाखवली. मग म्हणाली, "ताई, घाव फरशीतून पोचतो. ती आवाजाला वळली नाही, अंगाला हादरा लागला म्हणून वळली." मीच घेतलेली परीक्षा, मीच दिलेले मार्क!

डॉक्टर म्हणतात, बोलणं शिकायची पहिली वर्षं फार मोलाची. कान उघडे असलेली पोरं त्या वर्षांत नुसतं पडल्या पडल्या घरातलं सगळं गोळा करतात. भांडणंसुद्धा! आपल्या दोघींची एवढी भांडणं तिच्या डोक्यावरून गेली, त्यातला एक शब्द तिला मिळाला नाही. दहाव्या महिन्यात यंत्रं लागली असती तर किती फरक पडला असता? मी विचारलं. "तसं आता सांगता येत नाही," म्हणाल्या. ते उत्तर घेऊन मी काय करू? हो म्हणाल्या असत्या तर रडले असते, नाही म्हणाल्या असत्या तर सुटले असते.

पोरगी हुशार आहे हो, आत्ती. तीन मापांची घुंगरं एकत्र करून ठेवली तर बरोबर तीन ढीग करते. पण परवा दिवसभर रडत होती आणि मला कळेना काय दुखतंय. पोट दाबलं, कान पाहिले, दात पाहिले. ती माझा हात झिडकारायची, फरशीवर डोकं आपटायची. शेवटी माझ्या दंडाला कडाडून चावली. संध्याकाळी पायात रुतलेला चांदीचा बारीक तुकडा सापडला. दिवसभर ती सांगत होती आणि मला वाचता येत नव्हतं. आई असून एवढी अडाणी मी कधीच नव्हते.

तुम्ही गेलात, हेही तिला सांगता आलेलं नाही. इतर पोरांना "देवाघरी गेली" म्हणून काहीतरी फसवता तरी येतं. हिला काय सांगू? तुम्हाला नेलं तेव्हा ती बघत होती. पुढं महिनाभर ती, तुम्ही ज्यावर बसून चांदी ठोकायचात त्या पाटाजवळ जायची, तळहात फरशीवर टेकवायची आणि वाट बघायची. मला वाटायचं, खेळते आहे. परवा परवा कळलं, ती तुमचे घाव शोधत होती.

आणि एक गोष्ट. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, "आधी तिला स्पर्श करा, समोर या, तोंड दिसू द्या, मग बोला." मी घरी येऊन तसं करायला लागले आणि हात थांबला. हे तर तुम्ही करायचात! त्या भांडणानंतर तुम्ही तिला मागून कधी हाक मारली नाहीत. गुडघ्याला हात लावायचात, कंबर धरत तिच्यासमोर बसायचात आणि ओठ मोठे करून म्हणायचात, "दू-दू." मी वर हसायचे, "बहिऱ्याशी बोलल्यासारखं काय बोलताय!" तुम्हाला कुणी शिकवलं होतं, आत्ती? मला न दुखवता जेवढं करता येईल तेवढं तुम्ही करत राहिलात.

आणि तुमचा लेक तुमच्यावर रागावला आहे. तुमच्या फोटोला हार घालायचं त्यानं बंद केलं. वर्षश्राद्धाचं विचारलं तर म्हणाला, "भटजी बोलवून उरकू. जेवणं-बिवणं नगं. माझ्या पोरीचं वाटोळं केलं तिनं." असं तो स्वतःच्या आईबद्दल म्हणाला आणि मी समोर भाजी निवडत बसले. खरं सांगितलं तर तो माझ्यावर उलटेल. आणि आत्ता, या यंत्रांच्या आणि ऑपरेशनच्या रेट्यात, तो माझ्या बाजूनं नसेल तर मी उभी कशी राहू? मेलेल्या माणसाला राग सोसतो, अशी मनाची समजूत घालत होते. पण आज ते कागदावर चढलं, शाईनं.

म्हणून एक वचन देते. शरू बोलेल, असं वचन माझ्या हातात नाही. वर्षश्राद्धाच्या आधी संदीपला ती दुपार सांगेन, माझं वाक्य जसंच्या तसं. डॉक्टरबाईंना ती ओळ खोडायला लावीन. तो घराबाहेर काढेल की महिनाभर बोलणार नाही, मला माहीत नाही. भीती वाटते आहे.

राहिली शरू. तिलाही सांगायचंच आहे, पण कशात सांगू? तिच्याकडं अजून "आज्जी" नाही, "आई" नाही, "का" तर फार लांब. मी रोज तिच्यासमोर बसेन, ओठ मोठे करून बोलेन, हातांनी खुणा शिकेन, जे जमेल त्यानं. कधीतरी माझ्यावर रागावता येईल, एवढे शब्द मी तिला देईन.

तुमची सून,
सुप्रिया